होयाची कांडी: विदर्भाच्या हवेत घरच्या घरी रोपं तयार करताना

होया म्हणजे मेणात घडवल्यासारखी चकचकीत, चांदणीच्या आकाराची फुलं झुबक्यानं येणारा वेल. नर्सरीत तो ‘वॅक्स प्लांट’ या नावानंही मिळतो. कोकणातल्या दमट हवेत त्याची कांडी कुठंही खोचली तरी बहुतेक वेळा लागते. तीच कांडी अकोला, यवतमाळ किंवा चंद्रपूरकडच्या खेड्यात लावली की पंधरा दिवसांत एकतर सुरकुतते किंवा बुडातून काळी पडते. यात लावणाऱ्याच्या हाताला दोष देण्यात अर्थ नाही. इथली हवा वर्षातले सात-आठ महिने कोरडी असते, बोअरचं पाणी जड असतं आणि हाताशी असते ती कापसाची काळी माती. होयाला या तिन्ही गोष्टी मानवत नाहीत.

याचं कारण त्याच्या मुळांत आहे. बहुतेक होया जंगलात झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यात वाढतात. मोहाच्या किंवा आंब्याच्या खोडावर वांडा ऑर्किड, म्हणजे रास्ना, चिकटलेलं दिसतं, तसंच. हे बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाचा रस ओढतं, होया नुसता आधार घेतो. सालीच्या फटीत साचलेला पालापाचोळा आणि पावसाचं पाणी त्याला पुरतं. पाऊस थांबला की तिथं तासाभरात वारा खेळायला लागतो, त्यामुळे या मुळांना ओल आणि हवा एकाच वेळी मिळायची सवय असते. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्यातली हवा निघून जाते. कांडी सडते ती बहुतेकदा या गुदमरण्यानं. पुढं जे जे सांगितलं आहे, ते सगळं ओल आणि हवा यांचा मेळ घालण्यासाठीच आहे.

कूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे. होया रुईच्या आणि कण्हेरीच्या कुळातला. तोडला की रुईसारखाच पांढरा चीक येतो, आणि शेंग धरलीच तर तीही रुईसारखी फुटून रेशमी म्हातारीसह बिया उडवते. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१० मध्ये थॉमस हॉय नावाच्या माळ्याच्या सन्मानार्थ याला होया हे नाव दिलं. बी फार लवकर निकामी होतं आणि घरच्या वेलाला शेंग क्वचितच धरते, म्हणून बियांच्या नादी लागू नये. कांडी किंवा दाब कलम, हेच खरे दोन रस्ते.

कुठला होया घ्यावा

पहिल्यांदा करणाऱ्यानं होया कार्नोसा घ्यावा. जाड, गुळगुळीत पानाचा, गुलाबीसर फुलांचा हा वेल कांडीला सर्वांत सोपा आहे. प्युबिकॅलिक्स आणि ऑस्ट्रॅलिस हेही इथला उन्हाळा सावलीत बऱ्यापैकी काढतात. पानांवर पांढरे-गुलाबी पट्टे असलेले कार्नोसाचे प्रकार दिसायला सुंदर, पण मुळं धरायला हळू. त्यांची कांडी घेताना पानात हिरवा भाग भरपूर आहे अशीच निवडावी. नुसतं पांढरं किंवा गुलाबी पान अन्न तयार करू शकत नाही.

वळणावळणाच्या पानांचा, दोरीसारखा दिसणारा कॉम्पॅक्टा दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा. त्याच्या घड्यांत पाणीही साचतं आणि पिठ्या ढेकूणही लपतो. होया लिनिॲरिस हा हिमालयाच्या पायथ्याकडचा, मऊ सुईसारख्या पानांचा. आपल्या मे महिन्यात त्याला जगवणं म्हणजे रोजची लढाई. त्यावर पैसे घालवू नयेत, असं स्पष्टच सांगावंसं वाटतं.

आणि बदामाच्या आकाराचं एकच पान कुंडीत खोचून विकतात तो होया केरी. त्या पानाला मुळं फुटतात, पान दोन-तीन वर्षंही हिरवंगार राहतं, पण वेल काही निघत नाही, कारण त्याला डोळाच नसतो. विकत घेण्याआधी देठाजवळची माती बोटानं जरा बाजूला करून बघावी. पानाच्या देठाखाली खोडाचा छोटा तुकडा असेल तर आशा आहे. नुसता देठ असेल तर ते शोभेचं पान आहे असं समजावं.

वेळ कोणती साधावी

मृगाचा पाऊस पडून हवेतली झळ गेली की काम सुरू करावं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून पोळ्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. तापमान २४ ते ३० अंशांच्या आसपास असतं आणि हवेत आपोआप दमटपणा असतो. दुसरी संधी महाशिवरात्रीपासून होळीपर्यंत मिळते, पण तेव्हा हवा कोरडी असल्यानं कांडी झाकून ठेवावी लागते.

एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत वेलाला कात्री लावू नये. पारा ४५ च्या पुढं असताना आईवेल स्वतःच कसाबसा तग धरून असतो. कुरिअरनंही या दिवसांत कांड्या मागवू नयेत. गाडीत बंद खोक्यातला माल दोन दिवसांत शिजून येतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो, तेव्हा कांडी मरत नाही पण मुळंही फुटत नाहीत. महिनाभर ओल्या माध्यमात, म्हणजे कांडी लावायच्या मिश्रणात, तशीच बसली की सड लागते.

कांडी निवडणं

वेल हातात घेऊन नीट पाहा. होयाची पानं बहुतेक जोडीजोडीनं, समोरासमोर येतात. जोडी जिथून निघते तो सांधा. पानाच्या बगलेत मोहरीएवढा उंचवटा दिसतो, तो डोळा. सांध्याच्या आसपास खोडावर तपकिरी, खरखरीत टोकं बोटाला लागतात. ती हवेतली मुळं, ओल मिळायची वाट बघत थांबलेली. अशी टोकं असलेला सांधा सर्वांत लवकर लागतो. पानवेलीचं बेणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यातही लावणीसाठी सांध्याचाच तुकडा घेतात.

कांडी ना फार कोवळी असावी, ना फार जून. दोन बोटांत धरून हलकेच वाकवावी. लोंबकळली तर कोवळी, कट्‌कन मोडायच्या बेतात आली तर जून. वाकून परत सरळ झाली तर ती घ्यावी. शेंड्याकडून निघालेली लांब, बिनपानाची, चाबकासारखी वेलाटी कधीच कांडीसाठी घेऊ नये. ती आधार शोधत असते, पानं तिला नंतर येतात, आणि तिच्यात साठवलेलं अन्न नसतं.

आणखी एक. फुलांचे झुबके ज्या आखूड दांडीवर येतात, ती दांडी फुलं गळाल्यावर तोडू नये. कार्नोसासारख्या होयांना त्याच दांडीवर पुढच्या हंगामात पुन्हा फुलं येतात. कांडी घेताना अशी दांडी असलेला भाग शक्यतो आईवेलाकडेच राहू द्यावा.

कापणी

आदल्या संध्याकाळी आईवेलाला पाणी द्यावं, म्हणजे कांडीत रस भरलेला असतो. सकाळी ऊन चढायच्या आत कापणी करावी. संत्र्याच्या बागेत वापरतात तो सिकेटर चालेल, पण धार बोथट असेल तर खोड चेंगरतं आणि चेंगरलेल्या जागीच सड सुरू होते. नवं ब्लेड जास्त चांगलं. पातं स्पिरिटनं पुसून घ्यावं आणि एका वेलाकडून दुसऱ्या वेलाकडे जाताना पुन्हा पुसावं.

कांडी १० ते १५ सेंटिमीटर, तीन सांध्यांची घ्यावी. खालचा काप सांध्याच्या साधारण एक सेंटिमीटर खाली, तिरका. वरचा काप वरच्या सांध्याच्या दोन सेंटिमीटर वर, सरळ. तिरकं म्हणजे बूड, सरळ म्हणजे शेंडा, ही खूण कायमची ठरवून टाकावी. दहा कांड्या ताटात ठेवल्या की उलट-सुलट कळत नाही, आणि उलटी लावलेली कांडी फुकट जाते. खालच्या दोन सांध्यांवरची पानं देठाजवळून कापावीत, ओढून काढू नयेत, कारण ओढताना साल सोलून निघते. वर पानांची एकच जोडी ठेवावी. पानं फारच मोठी असतील तर त्यातलं एकही चालेल. एका वेलाचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग एका वेळी काढू नये.

कापल्याबरोबर चीक गळायला लागेल. तो डोळ्यात जाऊ देऊ नये, हाताला लागला तर साबणानं धुवावा. कांड्यांची बुडं कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली की चीक वाहायचा थांबतो. मग छपरीत सावलीला कागदावर दीड ते चार तास वाळू द्याव्यात. काप कोरडा आणि किंचित पांढुरका दिसला की झालं. पावसाळ्यात चार तास लागतात, फेब्रुवारीत दीड-दोन तास पुरतात. रात्रभर ठेवायची गरज नाही.

मुळं फुटण्यासाठी मिळणारी आयबीए पावडर कृषी केंद्रात मिळाली तर ओलसर बुडाला हलकी लावून झटकून घ्यावी. कार्नोसाला तिची गरज पडत नाही, केरी आणि कॉम्पॅक्टाला मदत होते. हळद किंवा दालचिनी चोळायची पद्धत आहे, पण काप नीट वाळला असेल तर त्याचं काम वाळण्यानंच झालेलं असतं.

माध्यम

नर्सरीत मिळणारं परलाइट, म्हणजे मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे, खेड्यात मिळेलच असं नाही, आणि त्याच्यावाचून अडतही नाही. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग विटांचे तुकडे आणि एक भाग लाकडी कोळसा, हे मिश्रण इथं चांगलं काम देतं. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट पाण्यात फुगून साधारण आठ-नऊ लिटर होते, म्हणजे तीस कांड्यांना ती एकच पुरून उरते. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा खार असतो, म्हणून ते दोनदा भिजवून दोन्ही वेळा घट्ट पिळावं.

वीट भट्टीतली, नीट भाजलेली घ्यावी. कच्ची वीट पाण्यात विरघळून चिखल होतो. फोडून तुरीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे तुकडे करावेत, गव्हाच्या चाळणीनं चाळून खालची पूड टाकून द्यावी. ही पूड राहिली तर सगळी मेहनत वाया, कारण हवेच्या फटी तीच बुजवते. कोळसा चुलीतला विझवलेला चालतो. पऱ्हाटीचा किंवा बाभळीचा, तेवढ्याच आकाराचा फोडून धुवून घ्यावा. राख नको. भंडारा-गोंदियाकडे धानाचं अर्धवट जळलेलं काळं तूस सहज मिळतं. कोळशाऐवजी ते घातलं तरी उत्तम, मात्र पांढरी पडलेली राख त्यात नसावी आणि दोन-तीन पाण्यानं धुतलेलं असावं.

रेती वापरायची तर जाड, नदीची, धुतलेली. बारीक रेती कोकोपीटमध्ये मिसळली की खाली बसून थर धरते. काळी माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही या टप्प्यावर घालू नये. कांडीला अजून मुळं नाहीत, ती खत घेणार कशानं? त्या खतावर पोसली जाते ती फक्त बुरशी.

सगळं मिश्रण घमेल्यात घेऊन वरून उकळतं पाणी ओतावं, निथळू द्यावं आणि पूर्ण थंड होऊ द्यावं. मूठभर घेऊन दाबलं की बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पिळून काढावं, एकही थेंब नाही आला तर पाणी शिंपडावं. ही मुठीची परीक्षा नीट जमली की पुढचं बरंचसं काम सोपं होतं.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगणं भाग आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतली गावं, इथलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी होयाला देऊच नये. बाकी विदर्भातही ज्या पाण्यानं बादलीवर पांढरा थर धरतो, त्यानं कांडीच्या नव्या मुळांची टोकं करपतात. पहिल्या दोन पावसांत कवेलू किंवा टिनावरची धूळ वाहून जाऊ द्यावी, मग पडणारं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये धरावं. पन्नास लिटरमध्ये घरच्या कांड्यांचं वर्षभराचं भागतं. डासांसाठी झाकण घट्ट हवं, नाहीतर तोंडाला कापड बांधावं. पावसाचं पाणी संपलं तर पिण्याच्या जारचं पाणी वापरावं. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र कधीही नको. ते दिवसभर आटत राहतं आणि खार मागं उरत जातो.

लावणी

२०० ते २५० मिलिलिटरचे पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास घ्यावेत. तापवलेल्या दाभणानं बुडाला पाच आणि बाजूला, बुडापासून एक सेंटिमीटर वर, दोन भोकं पाडावीत. पारदर्शक यासाठी की मुळं बाहेरून दिसतात आणि कांडी उपटून बघायचा मोह होत नाही. पण मुळांना आणि ओल्या कोकोपीटला उजेड लागला की हिरवं शेवाळ चढतं, म्हणून तो ग्लास दुसऱ्या रंगीत ग्लासात सैलसर ठेवावा किंवा भोवती कागद गुंडाळावा.

ग्लास मिश्रणानं काठोकाठ भरावा. पेन्सिलीनं भोक करून त्यात कांडी उतरवावी, नुसती दाबून खुपसू नये. दोन सांधे मिश्रणात, पानांची जोडी वर. पान मिश्रणाला टेकता कामा नये. बोटानं अगदी हलकं दाबावं. ग्लासावर तारीख आणि जात लिहून ठेवावी, कारण तीन आठवड्यांनी सगळ्या कांड्या सारख्याच दिसायला लागतात.

झाकण्याबाबत हंगाम बघून ठरवावं. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागलेली असताना हवाच इतकी ओली असते की झाकलेल्या कांडीला बुरशी येते. तेव्हा उघडंच ठेवावं. पावसानं उघाड दिली आणि दुपारी पानं मलूल दिसायला लागली तर झाकावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून झाकण हवं. दोन लिटरची पाण्याची रिकामी बाटली मधून कापून वरचा अर्धा भाग ग्लासावर ठेवावा. बूच सकाळी काढावं, दहा-पंधरा मिनिटांनी लावावं. जास्त कांड्या असतील तर पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा, तळाला दोन सेंटिमीटर ओली रेती, वर ग्लास, आणि झाकण किंचित तिरकं.

जागा उजेडाची हवी पण उन्हाची नको. पूर्वेची छपरी, किंवा खिडकीपासून दोन-तीन फूट आत. पुस्तक सहज वाचता येईल इतका उजेड दिवसभर असला की पुरे. झाकलेल्या बाटलीवर अर्धा तास जरी थेट ऊन पडलं तरी आतली हवा भट्टीसारखी तापते. टिनाच्या छपराला लागून टांगू नये. बऱ्याच घरांत माठ ठेवतात तो कोपरा या कामाला फार चांगला असतो. माठ पाझरत असल्यानं तिथली हवा थंड आणि ओलसर राहते. घरात कूलर चालू असेल तर त्याचा झोत कांड्यांवर येऊ देऊ नये. झोतानं पानातलं पाणी उडतं.

अंगणात ठेवायचं तर कोंबड्या आणि शेळ्या यांचा विचार आधी. कोंबडी ग्लास उकरते, शेळी कांडीच नेते.

आठवड्यागणिक

पहिले दहा दिवस काही दिसत नाही, आणि काही करायचंही नाही. ग्लास उचलून वजन बघावं. हलका लागला तरच काठाकाठानं दोन-तीन चमचे पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सांध्याजवळ पांढरी टोकं ग्लासाच्या भिंतीला टेकलेली दिसतात. कार्नोसाला तीन ते पाच आठवडे लागतात, केरीला दोन महिनेही.

मुळं तीन ते पाच सेंटिमीटर झाली की झाकण काढायची सवय लावावी. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण उघडं. एकदम उघडलं की झाकणाखाली वाढलेली कांडी एका दुपारीत सुरकुतते.

मुळं आली पण कोंब नाही, अशी दोन-तीन महिने स्थिती राहू शकते. घाबरायचं कारण नाही. कांडी आधी खाली पाय रोवते आणि मग वर बघते. कोंब आला की तो बिनपानाचा, लांब दोरीसारखा वाढतो. त्याला वाळका समजून छाटून टाकतात ही नेहमीची चूक. तो काडीवर किंवा तारेवर चढवावा.

पाण्यात लावायची असेल तर

रंगीत काचेची बाटली घ्यावी, फक्त खालचा एक सांधा पाण्यात बुडवावा, पान पाण्याला लागू देऊ नये. पावसाळ्यात चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्याच्या तोंडावर दर दोन दिवसांनी पाणी बदलावं, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि कांडी गुदमरते. खोडावर पांढरे, टणक पुरळ उठलेले दिसतील. ती बुरशी नव्हे, मुळांची सुरुवात आहे. बुरशी गिळगिळीत असते आणि बोटानं पुसली जाते. मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की लगेच मिश्रणात हलवावी. पाण्यातली मुळं काचेसारखी ठिसूळ असतात, जितकी लांब होतील तितकी हलवताना मोडतात. हलवल्यावर पहिले दहा दिवस मिश्रण नेहमीपेक्षा थोडं ओलसर ठेवावं. ज्यांना रोज पाहिल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना ही पद्धत आवडते. पण इथल्या हवेत थेट मिश्रणात लावलेली कांडीच पुढं जास्त जोमानं वाढते.

दाब कलम: सर्वांत भरवशाचं

ज्यांच्याकडे एकच वेल आहे आणि तो गमवायचा नाही, त्यांनी कांडी कापूच नये, दाब कलम करावं. इथं कोरड्या हवेचा प्रश्नच उरत नाही, कारण मुळं येईपर्यंत आईवेल पाणी पुरवत असतो. मोठ्या कुंडीशेजारी वरच्याच मिश्रणाचा ग्लास ठेवावा. वेलाची एक लांब फांदी वाकवून तिचा एक सांधा त्यात टेकवावा. त्या सांध्याची पानं आधी कापून घ्यावीत आणि खालच्या बाजूनं साल नखानं किंचित खरवडावी. तारेच्या आकड्यानं सांधा मिश्रणात अडकवून ठेवावा. मिश्रण सतत ओलसर राहिलं पाहिजे, एवढंच. चार ते सहा आठवड्यांत हलकं ओढून बघावं. धरून बसली असेल तर आईकडच्या बाजूनं कापावी.

फांदी उंच लोंबकळत असेल तर गुटी कलम करावं. सांध्याभोवती ओलं स्फॅग्नम मॉस मूठभर गुंडाळून वरून पारदर्शक प्लास्टिक बांधायचं. साल गोल काढायची गरज नाही, पेरू-डाळिंबासारखं ते इथं नको. नर्सरीत या मॉसला नुसतं ‘शेवाळ’ म्हणतात, त्यामुळे विहिरीवरचं किंवा नाल्यातलं हिरवं शेवाळ आणून बांधलं जातं आणि ते दोन दिवसांत कुजतं. लागतं ते वाळलेलं, पिवळसर, स्पंजासारखं. ते नाही मिळालं तर वरूड-शेंदूरजनाघाटकडच्या पन्हेऱ्यांमध्ये, म्हणजे रोपवाटिकांमध्ये, विचारून पाहावं.

बिघाड आणि त्याची कारणं

बूड काळं आणि मऊ पडलं तर ती सड. कांडी काढून, काळा भाग संपून आत स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत वर वर कापत जावं, पुन्हा वाळवून नव्या मिश्रणात लावावी. जुनं मिश्रण पुन्हा वापरू नये. तुरीच्या, हरभऱ्याच्या मर रोगासाठी घरात ट्रायकोडर्मा आणलेला असेल तर दोन लिटर मिश्रणाला चहाचा एक चमचा मिसळायला हरकत नाही, पण उकळतं पाणी ओतून मिश्रण गार झाल्यावरच, आधी नाही.

पान सुरकुतणं फसवं असतं. पाणी कमी पडलं तरी सुरकुततं आणि बूड सडलं तरी सुरकुततं, कारण दोन्ही वेळा पानापर्यंत पाणी पोचत नाही. सुरकुती दिसली की पाणी ओतायचं, या सवयीनं सर्वांत जास्त कांड्या मरतात. आधी बूड दाबून पाहावं. टणक असेल तर पाणी किंवा झाकण द्यावं, मऊ असेल तर कापावं.

कुरिअरनं आलेली कांडी सुरकुतलेलीच असते. बूड सेंटिमीटरभर कापून, पानं वर ठेवून, तीन-चार तास कोमट पाण्यात उभी करावी, मग वाळवून लावावी. पानं गळाली पण खोड हिरवं, टणक राहिलं तर टाकू नये. डोळा जिवंत असेल तर बिनपानाची कांडीही फुटते, फक्त जास्त वेळ लागतो.

कीड दोन प्रकारची येते. सांध्यांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि कोवळ्या कोंबावर गर्दी करणारा पिवळा मावा. हा मावा धुऱ्यावरच्या रुईवर दिसतो तोच. घराजवळ रुई किंवा कण्हेर असेल तर तिच्याकडे अधूनमधून लक्ष ठेवावं. वेलावर मुंग्यांची रांग दिसली तर ती कुठं जाते ते बघावं, रांगेच्या टोकाला कीड सापडण्याची शक्यता मोठी. पुंजके स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपावेत. माव्यासाठी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि एक-दोन थेंब भांड्यांचा पातळ साबण घुसळून संध्याकाळी फवारावं. उन्हात फवारलं की पानावर करपल्याचे डाग पडतात. नुकत्याच लावलेल्या कांडीवर कुठलीच फवारणी नको.

ग्लासातून कुंडीत

ग्लासात मुळांची जाळी दिसली आणि एक तरी नवा कोंब धरला की तीन-चार इंची कुंडी पुरे. मोठ्या कुंडीची घाई करू नये, न वापरलेलं माध्यम ओलं राहतं आणि मुळं कुजतात. तीन कांड्या एकाच कुंडीत लावल्या तर वेल लवकर भरगच्च दिसतो. आता मिश्रणात गांडूळखत चालेल, पाच भागांना अर्धा भाग. महिन्याभरानं १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही जुलै ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये. पिकावर फवारतात त्या मात्रेनं देऊ नये. जूनअखेरीला लावलेली कांडी नीट वाढली तर संक्रांतीच्या वाणाला द्यायला तयार असते.

पहिला उन्हाळा हीच या रोपांची परीक्षा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुंड्या उघड्यावरून उचलून घराच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला, ७५ टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली आणाव्यात. पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत, ती भिंत रात्री अकरापर्यंत ऊब सोडत असते. पाणी सकाळी सहा-सातलाच द्यावं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारनंतर चटका देण्याइतकं तापतं, ते मुळांवर पडलं तर रोप दोन दिवसांत मान टाकतं. कुंडी ओल्या रेतीच्या परातीत विटेच्या तुकड्यावर ठेवली, म्हणजे बूड पाण्याला लागत नाही, तर मे महिना बराच सुसह्य होतो. या काळात नवी वाढ थांबते, पानं थोडी फिकट होतात. खत बंद ठेवावं आणि मृगाची वाट बघावी. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत शेंड्याला तांबूस कोंब दिसायला लागतो. फुलांना साधारण दोन-तीन वर्षं लागतात, आणि कळ्यांचा पहिला झुबका दिसला की कुंडी जागची हलवू नये, नाहीतर कळ्या गळतात.